कोलेस्टेरॉल, तांबें आणि जस्त

पूर्वीं मध्यमवर्गीयाच्या घरीं देवघराच्या कोनाड्यांत पंचांग असे, आणि घरांतील कर्ता पुरुष महत्त्वाचा प्रत्येक बेत त्यांतील तिथिवार पाहून ठरवी. पंचांग अद्याप गेलेलें नाहीं. परंतु त्याच्या शेजारीं आतां रक्तपरीक्षेचा कागद येऊन बसला आहे, आणि पन्नाशी उलटलेलीं माणसें तो कागद तितक्याच भाविकपणें वाचूं लागलीं आहेत. त्या कागदावर कोलेस्टेरॉल असतें, त्याचे चांगला व वाईट असे दोन भाग असतात, शरीरांत कोठें दाह चालला असल्यास त्याची खूण सांगणारें एक प्रथिन असतें. आणि थोडे अधिक पैसे मोजले म्हणजे जस्त, तांबें, सेलेनियम अशा लेशमात्र खनिजांचे आंकडेही मिळतात. प्रत्येक आंकड्यापुढें योग्य मर्यादा छापलेली असते, व मर्यादेबाहेरचा आंकडा ठळक अक्षरांत असतो. तो ठळक आंकडा पाहून माणूस घाबरतो, आणि संध्याकाळीं फिरून येतांना औषधांच्या दुकानांतून जस्ताच्या गोळ्या घेऊन येतो.

या सर्व आंकड्यांची किंमत सारखी नाहीं. आपल्याकडील नैयायिकांनीं कारणाचा विचार करतांना कुंभाराचें उदाहरण घेतलेलें आहे. घट होण्यास माती, चाक, दंड व कुंभार हीं कारणें खरीं; परंतु माती वाहून आणणारें गाढव घट तयार होतांना तेथें हजर असलें तरी तें घटाचें कारण नव्हे. अशा हजर असणाऱ्या पण कारण नसणाऱ्या वस्तूस त्यांनीं अन्यथासिद्ध असें नांव दिलें, व कुंभाराच्या बापासही त्याच वर्गांत घातलें. रक्तांतील कोणतें द्रव्य कुंभार आणि कोणतें गाढव, हें ठरविण्यास पाश्चात्त्य वैद्यकास कोलेस्टेरॉलच्या बाबतींत दोनशें वर्षें लागलीं. तांबें व जस्त यांच्याबाबतींत तो निर्णय अद्याप झालेला नाहीं. प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं. इतिहासाच्या अध्यापकास पुराव्याची पारख करावी लागते, आणि त्याच दृष्टीनें ही हकीकत येथें सांगावयाची आहे.

कोलेस्टेरॉल प्रथम सांपडलें तें रक्तांत नव्हे, हृदयांत तर मुळींच नव्हे. तें सांपडलें पित्ताशयांतील खड्यांत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिस येथील पुलेत्ये द ला साल या गृहस्थानें पित्तखड्यांपासून मद्यार्काच्या साह्यानें एक पांढरा, चकाकणारा, मेणासारखा पदार्थ वेगळा केला. १८१५ च्या सुमारास मिशेल शेव्रल या रसायनज्ञानें दाखविलें कीं, इतर चरबीप्रमाणें क्षार घालून याचा साबण होत नाहीं. म्हणजे दिसण्यांत हा चरबीचा भाऊ असला तरी जातीनें निराळा. ग्रीक भाषेंतील पित्त व घन या अर्थांचे दोन शब्द जोडून त्यानें याचें कोलेस्टेरीन असें बारसें केलें. हा शेव्रल पुढें एकशें दोन वर्षें जगला. त्याच्या स्वतःच्या रक्तांत हें द्रव्य किती होतें तें मोजण्याची मात्र त्या काळीं सोय नव्हती. १८३३ सालीं बूदे यानें तेंच द्रव्य माणसाच्या रक्तांत दाखविलें, १८४३ सालीं जर्मनींतील फोगेल यास तें धमन्यांच्या भिंतींवर धरलेल्या पुटांत सांपडलें, आणि १८५९ सालीं बर्तलो यानें तें मद्यार्काच्या कुळांतील आहे असें सिद्ध केल्यावर कालांतरानें त्याच्या नांवाची शेपटी बदलून तें कोलेस्टेरॉल झालें.

येथपर्यंत पुरावा झाला तो एवढाच कीं, जेथें रोग तेथें तें द्रव्य. जळालेल्या घरांत राख सांपडते. म्हणून राखेनें आग लावली असें कोणी म्हणत नाहीं. रुडोल्फ व्हिर्शो या थोर जर्मन वैद्याचें मत १८५६ च्या सुमारास असें होतें कीं, धमनीच्या भिंतीस प्रथम दाह होतो आणि मेदाचें पूट ही त्या दाहाची परिणति आहे. व्हिएन्नाच्या रोकितान्स्कीला वाटे कीं, रक्तांतील द्रव्येंच भिंतीवर सांचत जातात. या दोघांचा वाद त्यांच्या हयातींत मिटला नाहीं, व मिटण्यासारखाही नव्हता. कारण दोघेही मेलेल्या माणसाच्या धमन्या पाहात होते, आणि मेलेल्या माणसाच्या धमनींत आधीं काय झालें व मागाहून काय झालें हें लिहिलेलें नसतें. १९१० सालीं आडोल्फ विंडाउस यानें रोगट महाधमनींतील कोलेस्टेरॉल मोजून तें निरोगी धमनींतल्यापेक्षां वीसपटींहून अधिक असल्याचें दाखविलें. आंकडा मोठा होता. प्रश्न जागच्या जागींच राहिला. याच विंडाउसला १९२८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्या वेळीं कोलेस्टेरॉलची जी रचना मान्य होती ती चार वर्षांनीं चुकीची ठरली. शास्त्राच्या इतिहासांत असे विनोद पुष्कळ आहेत.

प्रश्नाला पहिला धक्का दिला तो रशियानें. १९०८ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथें इग्नातोव्स्की हा सशांना मांस, दूध व अंडीं खावयास घालीत होता. मांसाहारांतील प्रथिनांनीं शरीर लवकर जीर्ण होतें अशी कल्पना त्या वेळीं तेथें प्रचलित होती, आणि सशांच्या महाधमनींत खरोखरच पुटें धरलेलीं पाहून त्याला ती कल्पना सिद्ध झाली असें वाटलें. पुढें त्याच शहरांत स्टुकी यानें तें अन्न वेगवेगळें करून दिलें. मांसानें कांहीं झालें नाहीं, अंड्याच्या पांढऱ्यानेंही झालें नाहीं; झालें तें पिवळ्या बलकानें. मग १९१३ सालीं निकोलाय आनिच्कोव्ह व सेमिओन खालातोव्ह या तिशीच्या आंतील दोघां तरुणांनीं बलकांतून शुद्ध कोलेस्टेरॉल काढलें, सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलें आणि केवळ तेंच सशांना चारलें. ज्या सशांना नुसतें तेल दिलें त्यांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. ज्यांना कोलेस्टेरॉल दिलें त्यांच्या धमन्या माणसाच्या रोगट धमन्यांसारख्या झाल्या.

या प्रयोगाचें सौंदर्य त्याच्या काटकसरींत आहे. इग्नातोव्स्कीच्या हातीं संपूर्ण गाडी होती. स्टुकीनें तींतील ओझें वेगळें केलें. आनिच्कोव्हनें गाढव, माती व कुंभार यांना एकेक करून बाजूस उभें केलें आणि कोण नसतां घट होत नाहीं तें पाहिलें. अन्वय आणि व्यतिरेक हे दोन्ही येथें प्रथमच एकत्र आले. असें असूनही पुढील तीसपस्तीस वर्षें जगानें या कामाची फारशी दखल घेतली नाहीं. याचें एक कारण असें कीं, इतर प्रयोगशाळांनीं उंदीर व कुत्रे यांच्यावर तोच प्रयोग केला तेव्हां तो फसला. ससा हा पालापाचोळा खाणारा प्राणी. त्याच्या पोटीं अंड्याचें सार घातल्यावर तो बिघडणारच, त्यावरून माणसाविषयीं काय सांगावयाचें, असा आक्षेप आला. आक्षेप वाजवी होता. उंदीर हा जादा कोलेस्टेरॉलचें पित्ताम्लांत रूपांतर करून तें बाहेर टाकण्यांत पटाईत आहे, त्यामुळें त्याच्या रक्तांत तें चढतच नाहीं. हें कोडें उलगडण्यास बराच काळ जावा लागला. उंदराची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती लागणार आहे.

दुसरा धागा माणसांच्या घराण्यांतून आला. १९३८ सालीं ऑस्लो येथील कार्ल म्यूलर यानें अशीं कुटुंबें दाखविलीं कीं ज्यांत घोट्याच्या शिरांवर व पापण्यांवर पिवळ्या गांठी, रक्तांत जादा कोलेस्टेरॉल आणि अकालीं हृदयविकार हीं तिन्हीं पिढ्यान् पिढ्या बरोबर चालत. तिसरा धागा यंत्राचा. कॅलिफोर्नियांत जॉन गॉफमन यानें १९४९-५० च्या सुमारास अतिवेगानें फिरणाऱ्या यंत्रांत रक्तरस घालून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण जड व हलके असे वेगळे केले. आज आपल्या कागदावर जें एल्‌-डी-एल्‌ व एच्‌-डी-एल्‌ छापून येतें, त्याचें मूळ तेथें आहे. चवथा धागा फ्रॅमिंगहॅम या मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील गांवाचा. तेथें १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची प्रकृति वर्षानुवर्षें पाहण्यांत आली, व रोग होण्याच्या आधींच कोणाचे आंकडे कसे होते हें प्रथम कळलें. मेलेल्या माणसाच्या धमनींतून जें पौर्वापर्य कळत नव्हतें तें येथें जिवंत माणसांच्या नोंदवहींत उमटलें.

मग पुरावा भराभर जमला. १९६४ सालीं बैरूट येथें खचदुरियान यानें लेबनॉनमधील कुटुंबें तपासून दाखविलें कीं, दोष आई व बाप या दोघांकडून आला तर मुलाचें कोलेस्टेरॉल अफाट चढतें, एकाकडून आला तर मध्यम. १९७३ पासून डॅलस येथें मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनीं अशा मुलांच्या कातडीच्या पेशी कांचेंत वाढविल्या आणि शोधून काढलें कीं, एल्‌-डी-एल्‌चे कण रक्तांतून उचलून पेशींत घेणारा ग्राहक त्यांत नसतो अथवा पंगु असतो. म्हणून तो माल दारांतच तुंबतो. या शोधास १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उलट बाजूचा पुरावा २००६ सालीं त्याच शहरांतून आला. ज्या कांहीं कृष्णवर्णीय अमेरिकनांत एका जनुकाचा बिघाड असल्यामुळें जन्मापासूनच एल्‌-डी-एल्‌ सरासरी २८ टक्क्यांनीं कमी असतें, त्यांत हृदयधमन्यांचा विकार ८८ टक्क्यांनीं कमी आढळला. हा निसर्गानेंच केलेला व्यतिरेकाचा प्रयोग होय. औषधाच्या बाजूनें टोकियो येथें अकिरा एन्दो यानें हजारों बुरशा तपासून १९७३ सालीं एका निळ्याहिरव्या बुरशींतून कोलेस्टेरॉलची घडण रोखणारें द्रव्य काढलें. आणि त्याच कुळांतील औषध स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ रोग्यांवर वापरून १९९४ सालीं निकाल जाहीर झाला. साडेपांच वर्षांच्या आंत खोट्या गोळीच्या गटांत २५६ मृत्यु, खऱ्या गोळीच्या गटांत १८२. पित्तखड्यापासून या निकालापर्यंत दोन शतकांहून अधिक काळ गेला होता.

इतका लांब पट मांडण्याचें प्रयोजन हें कीं, पुराव्याचा एकही टप्पा गाळला तर काय होतें तें कोलेस्टेरॉलच्याच दोघां सोबत्यांनीं दाखविलें आहे. एच्‌-डी-एल्‌ जास्त असलेल्यांस हृदयविकार कमी होतो, हें फ्रॅमिंगहॅमच्या नोंदींवरून १९७७ सालीं स्पष्ट झालें, व त्यास चांगलें कोलेस्टेरॉल हें लाडकें नांव पडलें. मग तें वाढविणारें औषध तयार झालें. त्यानें आंकडा बहात्तर टक्क्यांनीं वाढविला. पंधरा हजार रोग्यांवर चाललेली ती चांचणी २००६ च्या डिसेंबरांत घाईघाईनें बंद करावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यु अधिक होऊं लागले होते. त्या औषधाचे रक्तदाब वाढविण्यासारखे दुसरेही दोष होते, हें खरें. परंतु एच्‌-डी-एल्‌ वाढविणारीं जनुकें घेऊन जन्मलेल्यांसही हृदयविकारापासून विशेष संरक्षण मिळत नाहीं, असें २०१२ सालीं दिसून आलें. चांगलें कोलेस्टेरॉल हें बव्हंशीं चांगल्या प्रकृतीचें सोबती होतें. तसेंच सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचें. १९३० सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टिलेट व फ्रान्सिस यांना तें न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत सांपडलें. कोठेंही दाह असला कीं तें चढतें. तें जास्त असलेल्यांस हृदयविकार अधिक होतो, हें निःसंशय. पण जन्मतःच तें जास्त देणारीं जनुकें ज्यांस आहेत त्यांस हृदयविकार अधिक होत नाहीं. मात्र २०१७ सालीं एका औषधानें कोलेस्टेरॉलला हात न लावतां केवळ दाह कमी केला, आणि हृदयविकाराचे झटके कमी झाले. म्हणजे व्हिर्शोचा दाह खरा, त्याचें हें प्रथिन केवळ दवंडी पिटणारें. दीडशें वर्षांहून अधिक जुन्या त्या वादांत दोघेही अर्धे बरोबर होते.

आतां तांबें व जस्त. अतिसूक्ष्म प्रमाणांत असणाऱ्या या खनिजांस लेशमात्र म्हणण्याची चाल रसायनज्ञांनीं पाडली ती त्यांच्या स्वतःच्या दुबळेपणामुळें. जें मोजतां येत नसे त्याच्यापुढें ते लेश असें लिहून मोकळे होत. पाश्चरचा शिष्य रोलँ यानें १८६९ सालींच दाखविलें होतें कीं, जस्त नसेल तर काळी बुरशी नीट वाढत नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें असें आढळलें कीं, केवळ दुधावर वाढवून रक्तक्षय झालेल्या उंदरांस शुद्ध लोह देऊन उपयोग होत नाहीं, त्याबरोबर किंचित् तांबें द्यावें लागतें. माणसांत मात्र जस्ताची उणीव पडणें शक्यच नाहीं, तें सर्वत्र आहे, असा समज पुढें तीस वर्षें टिकला. तो मोडला बिहारमधील बक्सर गांवीं जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनीं. १९५८ सालीं ते इराणांत शिराझ येथें असतां त्यांच्याकडे एक एकवीस वर्षांचा तरुण आला; दिसावयास दहा वर्षांच्या मुलाएवढा. त्याचें अन्न म्हणजे न फुगविलेली कोंड्याची रोटी, आणि तोंडीं लावावयास माती. कोंड्यांतील फायटिक आम्ल जस्ताला जखडून ठेवतें व तें आंतड्यांतून शोषलें जात नाहीं. पुढें ईजिप्तमध्यें अशा मुलांस जस्त दिल्यावर तीं वाढूं लागलीं, त्यांस मिसरूड फुटलें. १९७४ सालीं अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनें रोजच्या आहारांत जस्ताचें प्रमाण ठरवून दिलें. येथें जस्ताचें कारणत्व निर्विवाद आहे. परंतु तें वाढीच्या बाबतींत, कोलेस्टेरॉलच्या नव्हे.

तिकडे १९५५ सालीं ऑस्ट्रेलियांत ॲलन वॉल्श यानें ज्योतींत शिरलेला धातु प्रकाश किती शोषतो यावरून त्याचें प्रमाण मोजण्याची युक्ति काढली, व प्रत्येक मोठ्या रुग्णालयास रक्तांतील तांबें-जस्त मोजणें सोपें झालें. साधन सोपें झालें कीं मोजणारे वाढतात. मोजणारे वाढले कीं कशाचा तरी कशाशीं संबंध सांपडतोच. पुढील वर्षांत मधुमेही, हृदयरोगी, स्थूल, जादा कोलेस्टेरॉलवाले अशा सर्वांचें तांबें-जस्त मोजलें गेलें, आणि कोठें तांबें जास्त, कोठें जस्त कमी, कोठें दोन्ही यथास्थित, असे निष्कर्ष प्रसिद्ध होत राहिले.

या गर्दींत एका माणसाचें काम आदरानें पाहण्यासारखें आहे. लेस्ली क्लेव्हे या अमेरिकन संशोधकानें १९७३ सालीं दाखविलें कीं, उंदरांच्या आहारांत जस्ताचें तांब्याशीं असलेलें प्रमाण वाढविलें तर त्यांचें कोलेस्टेरॉल चढतें. १९७५ सालीं त्यानें त्यावर एक सबंध उपपत्ति रचली कीं, हृदयधमन्यांच्या विकाराचें एक मुख्य कारण जस्त व तांबें यांचा बिघडलेला तोल हें आहे. उपपत्ति बुद्धिमान् होती, आणि तिची यंत्रणाही काल्पनिक नव्हती. जस्त जास्त पोटांत गेलें कीं आंतड्याच्या पेशींत धातु धरून ठेवणारें एक प्रथिन वाढतें. तें तांब्याला अधिक घट्ट धरतें, आणि ती पेशी झडून गेली कीं तांबेंही बाहेर पडतें. ज्या वंशागत रोगांत शरीरांत तांबें सांचतें त्यावर याच गुणामुळें जस्त हें औषध म्हणून १९९७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. १९८४ सालीं क्लेव्हेनें एका तरुणास तांबें कमी असलेला आहार दिला. त्याचें कोलेस्टेरॉल चढलें. नंतरच्या तसल्या प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र दिसला नाहीं.

येथें आनिच्कोव्हच्या वेळची उंदराची गोष्ट आठवावी. ज्या प्राण्याचें कोलेस्टेरॉल अन्नानें सहसा चढत नाहीं, ज्याच्या रक्तांत तें बहुतांशीं एच्‌-डी-एल्‌च्या कणांतून फिरतें, आणि ज्याच्या धमन्यांत पुटें धरत नाहींत, त्या प्राण्यावर ही उपपत्ति उभी होती. १९१३ नंतर लोक म्हणाले, ससा म्हणजे माणूस नव्हे. त्याच न्यायानें १९७३ नंतर म्हणावयास हवें होतें कीं, उंदीर म्हणजेही माणूस नव्हे. सशाच्या मागें पुढें म्यूलरचीं कुटुंबें, फ्रॅमिंगहॅमची नोंदवही, डॅलसच्या पेशी आणि स्कँडिनेव्हियाची चांचणी उभी राहिली. उंदराच्या मागें तसें कांहीं उभें राहिलें नाहीं.

उलट जें राहिलें तें विरुद्ध दिशेस. क्लेव्हेच्या मतें तांब्याची उणीव घातक. आणि माणसांचें रक्त मोजावें तों हृदयविकार होणाऱ्यांत तांबें जास्त. फिनलंडमधील पुरुषांच्या पाहणींत १९९१ सालीं हेंच आढळलें, आणि ज्यांचें तांबें जास्त व सेलेनियम कमी त्यांत एल्‌-डी-एल्‌चा उपद्रव अधिक दिसला. हा विरोध उलगडण्याची किल्ली मात्र जुनीच होती. १९४८ सालीं स्वीडनमध्यें होल्मबर्ग व लॉरेल यांनीं रक्तांतून एक निळें प्रथिन शुद्ध रूपांत वेगळें केलें. रक्तरसांतील बहुतेक सर्व तांबें याच प्रथिनांत बसलेलें असतें, आणि दाह, जंतुसंसर्ग, गर्भारपण यांपैकीं कांहीं असलें कीं यकृत तें प्रथिन अधिक तयार करतें. म्हणजे रक्तांतील तांब्याचा आंकडा हा शरीरांतील तांब्याचा सांठा न सांगतां पुष्कळदां त्या प्रथिनाची गर्दी सांगतो. जस्ताचें याच्या उलट. दाह झाला कीं जस्त रक्त सोडून यकृतांत शिरतें व रक्तांतला आंकडा उतरतो. शरीरांतील सुमारें दोन ग्रॅम जस्तापैकीं रक्तरसांत फिरणारें जस्त हजारांत एक भाग एवढेंच असतें. तें सकाळीं निराळें, जेवणानंतर निराळें. आणि रक्त घेतलेल्या नळीच्या रबरी बुचांतूनही जस्त त्यांत उतरूं शकतें. जादा कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाच्या धमन्यांत मंद दाह चाललेला असतोच. तेव्हां त्याचें तांबें चढलेलें व जस्त उतरलेलें दिसलें, तर तें कारण म्हणून दिसलें कीं त्या दाहाची सावली म्हणून, हें एका दिवशीं घेतलेल्या एका नळीवरून सांगतां येत नाहीं. लोहाचीही हीच कथा आहे. १९८१ सालीं सुलिव्हन यानें शरीरांतील लोहाच्या सांठ्यावर असाच आरोप ठेवला; पण तो सांठा ज्या प्रथिनावरून मोजावयाचा तेंही दाहानें चढणारें निघालें.

हा केवळ पंडितांचा वाद असता तर त्यावर इतकी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. पण कागदावर जस्त कमी म्हणून जस्त घ्यावयाचें, या सरळ दिसणाऱ्या तर्काची परीक्षा १९८० सालींच होऊन गेली आहे. अमेरिकेंत बारा निरोगी पुरुषांस पांच आठवडे रोज १६० मिलिग्रॅम जस्त देण्यांत आलें. त्यांचें एकूण कोलेस्टेरॉल उतरलें नाहीं. एच्‌-डी-एल्‌ मात्र सुमारें पंचवीस टक्क्यांनीं घसरलें. एच्‌-डी-एल्‌ हें स्वतः कारण नसलें तरी आंकडा सुधारण्यासाठीं घेतलेल्या गोळीनें आंकडा बिघडावा, हें त्या तर्काला पुरेसें उत्तर आहे. पुढच्या चांचण्यांत थोड्या मात्रेनें कोलेस्टेरॉल कोठें किंचित् उतरलें, कोठें नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं प्रौढ माणसास रोज ४० मिलिग्रॅम ही जस्ताची वरची मर्यादा घातली, आणि ती घालण्याचें कारण जस्तामुळें तांब्याची होणारी उपासमार हेंच दिलें. आपल्या बाजारांत मिळणाऱ्या कांहीं गोळ्यांत एकेका गोळींत ५० मिलिग्रॅम जस्त असतें. वैद्यानें ठराविक दिवसांपुरतें दिलेलें असेल तर गोष्ट निराळी. परंतु कोणी न सांगतां वर्षानुवर्षें त्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या रक्तांत तांबें उतरून रक्तक्षय व पायांस बधिरपणा येऊं शकतो. कोलेस्टेरॉलच्या बाबतींत १९९४ सालीं जसा निकाल लागला तसा तांब्याजस्ताच्या बाबतींत लागलेला नाहीं, आणि दुकानदार त्यासाठीं थांबलेला नाहीं.

लेशमात्र धातूवरील आरोप शेवटपर्यंत सिद्ध होऊंच शकत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. त्याचें एक उत्तम उदाहरण रोग निराळा असला तरी आपल्या पुण्यांतलेंच आहे. लहान मुलांचें यकृत कठीण होऊन तीं दगावत, असा एक रोग हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होता. एकाच घरांत पाठोपाठ दोन मुलें जात, म्हणून लोक घराण्याला दोष देत. वैद्यही आनुवंशाकडे बोट दाखवीत. त्या मुलांच्या यकृतांत तांबें अतोनात सांचलेलें असे. पण तें यकृत बिघडल्यामुळें सांचलें, कीं सांचल्यामुळें यकृत बिघडलें? प्रश्न राख आणि आग यांचाच होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनीं इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्यानें रक्ताच्या नळीऐवजीं घरांतल्या भांड्यांकडे पाहिलें. कल्हई नसलेल्या पितळेच्या अथवा तांब्याच्या पातेल्यांत तापवून ठेवलेल्या दुधांत तांबें उतरतें, व दुधांतील प्रथिन तें धरून ठेवतें. १९८३ सालीं त्यांनीं ही शंका प्रसिद्ध केली. त्यानंतर आजारी मुलांच्या व निरोगी मुलांच्या आयांस बाळपणच्या दुधाची हकीकत विचारण्यांत आली, तेव्हां आजारी मुलांच्या घरीं अंगावरचें दूध लवकर तोडून पितळेंतलें वरचें दूध चालू केल्याचें फार अधिक आढळलें. तांबें शरीराबाहेर काढणारें औषध वेळेवर दिल्यावर कांहीं मुलें वांचलीं. भांडें बदलण्याचा उपदेश सुरू झाला, इकडे स्टीलचीं भांडीं घरोघर आलींच होतीं, आणि जो रोग पूर्वीं मुलांच्या वॉर्डांत नेहमींचा होता तो पाहतां पाहतां दुर्मिळ झाला. गल्लींत हाळी देत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला दिसेनासा झाला तोही त्याच दहावीस वर्षांत.